राणी जेवली

"हे पोटाचं दुखणं नाही." डॉक्टर मॅडमनी माझे सगळे रिपोर्ट एकावर एक रचले आणि बाजूला सारले. "याला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात."

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या, आमच्या नाटक कंपनीच्या तात्यांकडे. "म्हणजे काय तो? कॅन्सर तर नाय?"

"नाही. पण कॅन्सर नाही म्हणून सुटलो असं समजू नका. हा मनाचा आजार आहे आणि तो जेवणावर येऊन बसतो. माणसाला जाड होण्याची इतकी भीती वाटते की तो जेवण तोडत जातो. हाडं वर आली तरी आरशात त्याला जाडच माणूस दिसतो. वेळेत थांबवला नाही तर यात जीव जातो."

तात्या खाकरले. "मॅडम, पण ह्यो पोरींचो आजार मां? ह्यो तर झील."

"मुलांनाही होतो. ती माझ्याकडे उशिरा येतात, एवढाच फरक. तुम्हाला आला होता का संशय?"

तात्यांनी नाही म्हणून मान हलवली.

आणि मी? मला राग आला. या एवढ्या शिकलेल्या बाई, समोर बसल्यात, यांना माझ्या मांड्या दिसत नाहीत का, असं मला खरंच वाटलं. तेव्हा मी भिंतीला धरल्याशिवाय जिना चढू शकत नव्हतो. आजार असा असतो. तो तुमचेच डोळे वापरून तुम्हाला फसवतो.

मी कॉलेजात असल्यापासून व्यसनमुक्तीची पत्रकं लिहितो. पत्रकाचा नियम असा, की वाचणारा पहिल्या चार ओळींतच कागद खिशात घालतो किंवा गटारात टाकतो, म्हणून मुद्द्याचं आधी सांगायचं. तर मुद्द्याचं सांगून टाकतो. तुमच्या घरात कुणी जेवण टाळत असेल, ताटातलं इकडचं तिकडे करत असेल, जेवून आलोय असं सारखं म्हणत असेल, कपडे सैल होत असूनही स्वतःला जाड म्हणत असेल, तर त्याला शहाणा, संयमी, धार्मिक काहीही म्हणू नका. डॉक्टरकडे न्या. तो मुलगा असला तरी न्या. आणि यापुढे मी माझं वजन कुठेही लिहिणार नाही. कशा युक्त्या केल्या तेही नाही. का, ते पुढे येईलच.

मी दशावतारात स्त्रीपार्ट करतो. आमच्या सिंधुदुर्गात हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. गावोगावच्या जत्रांत आमची कंपनी पुराणातली आख्यानं करते. सगळी पात्रं पुरुषच करतात. राजा करतो तो राजपार्ट, राक्षस करतो तो खलपार्ट, आणि राणी करतो तो स्त्रीपार्ट. साड्या, दागिने, रंग ज्याचे त्याचे. लिहिलेलं नाटक नसतं. आज कुठलं आख्यान, कुणानंतर कोण, एवढंच ठरतं. बाकी संवाद तिथल्या तिथे, तोंडातून येतील ते. समोरच्याने प्रश्न टाकला की उत्तर द्यायलाच लागतं, आणि तेही पात्रात राहून. उत्तर सुचलं नाही तर सगळ्या गावासमोर नाक कापलं जातं. हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढे त्यानेच मला अडकवलं आणि त्यानेच मला वाचवलं.

तात्या आमचे राजपार्ट. कंपनीत सर्वांत जुने. मी दहावीत असताना त्यांनीच मला पहिल्यांदा साडी नेसवली. "चेहरो बरो आसा, आवाज गोड आसा, लाज तेवढी घराकडे ठेवन ये," एवढीच त्यांनी दिलेली तालीम.

पूर्वी नाटक जत्रेत होऊन जत्रेतच संपायचं. आता समोर पन्नास मोबाईल वर झालेले असतात. घरी पोचायच्या आधी आमचा प्रयोग फोनवर पोचलेला असतो. त्यातल्या एका तुकड्याखाली कुणीतरी लिहिलं, "राणी बघा, राजाक खावन बसली वाटता." खाली हसरे चेहरे, एकावर एक. दुसऱ्याने लिहिलं, "हिका उचलूक दोन राजे होये." मी ते सगळं वाचलं. जेवताना वाचलं, झोपताना वाचलं. चांगल्या अभिनयाबद्दल लिहिलेलं पण तिथेच होतं. ते मला आज कुणीतरी दाखवलं तर कळतं. तेव्हा दिसलंच नाही.

ज्यांनी ते लिहिलं ते राक्षस नव्हते. त्यातला एक तर आमच्या वाडीतला, माझ्याबरोबर क्रिकेट खेळणारा. त्याने लिहिलं, हसला, विसरला. पण मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे, तेव्हा स्पष्टच सांगतो. दुसऱ्याच्या अंगावर केलेला विनोद फुकट नसतो. तो कुणीतरी आपल्या अंगातून फेडत असतो.

मी बारीक व्हायला लागलो आणि कौतुक सुरू झालं. ही या आजाराची सगळ्यात घाणेरडी गोष्ट. ताप आला तर कुणी शाबासकी देत नाही. इथे प्रत्येक जण देत होता. "काय बारीक झालंस रे! माका पण सांग मेल्या, काय घेतंस." "आता खरी राणी शोभता." एस.टी. स्टँडसमोर सपाट पोटाच्या माणसाचा मोठा बॅनर, फोनवर दिवसभर काय खातो ते दाखवणारी बारीक बारीक माणसं, आणि घरी येणारी प्रत्येक पाहुणी बाई, सगळे एकच पाठ घेत होते.

आणि घरात कुणाला कळलं नाही, कारण आमच्याकडे वार पाळतात. सोमवारी मासे नाहीत, गुरुवारी नाहीत, शनिवारी नाहीत. मी वार वाढवत गेलो. आधी मासे सोडले, मग एकवेळ जेवण, मग नुसताच उपास. आठवड्याचा कुठलाही वार घ्या, त्यावर कुठला ना कुठला देव सापडतोच. आई शेजारणीला सांगायची, "माजो झील ह्या वयात केवढा देवाचा करता!" बाबा मुंबईला नोकरीत, ते फोनवर खूश. आमच्या घरात सुरमई तळली की वास रस्त्यापर्यंत जातो, आणि माझ्या वाटणीची तुकडी मांजर खायचं. ते मांजर मात्र त्या वर्षी भलतंच गुबगुबीत झालं.

त्यात माझे पार्ट. विचार करा, आमच्या आख्यानांतली चांगली बाई काय करते? उपाशी राहते. नवऱ्यासाठी व्रत धरते, अन्नत्याग करते, झुरते. जेवणारी बाई म्हणजे राक्षसीण. मी वर्षानुवर्षं तेच बोलत होतो आणि बायाबापड्या डोळे पुसत होत्या. टाळ्या उपासालाच मिळत होत्या.

मग शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. मे महिन्यात मालवणात लोक उघडे झोपतात, मी चादर घेऊन कुडकुडायचो. केस गळायचे, म्हणून टोप घालायला सोपं जातं असं मी हसत सांगायचो. हातापायांवर मऊ लव आली. अंगात चरबी नसली की ऊब धरायला शरीर अशी लव वाढवतं, तिला लॅनुगो म्हणतात, हे नंतर कळलं. उठलं की डोळ्यांपुढे काळोख. आई दर थोड्या दिवसांनी माझ्या स्टेजच्या ब्लाउजला आतून आणखी एक टीप घालायची. "कापड सैल पडता हल्ली," म्हणायची. तिला कापडच वाटत होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे संवाद सुचेनासे झाले. मी, ज्याला लोक "तोंडाची टाकसाळ" म्हणायचे, तो राजासमोर उभा आणि डोक्यात नुसता वारा. उपाशी मेंदू शब्द देत नाही.

बरेच डॉक्टर करून झाले. एकाने गॅस सांगितला. एंडोस्कोपी केली, म्हणजे नळीने पोटाच्या आत बघितलं. काही नाही. थायरॉइड बघितलं, काही नाही. टीबीचा संशय म्हणून छातीचा फोटो, काही नाही. मी या कुणालाच दोष देत नाही. मी प्रत्येकाला सांगत होतो की मी व्यवस्थित जेवतो. चोवीस वर्षांच्या मुलावर अविश्वास कोण ठेवणार? वेटिंग रूममध्ये मात्र मी बसून बसून भिंतींवरची चित्रं पाठ केली. मधुमेहाचं चित्र होतं, गरोदर बाईचं होतं, तंबाखूचं होतं. माझ्या आजाराचं एकही नव्हतं.

शेवटी बांद्याला, तिथल्या देवळात, प्रयोगाआधी रंग लावता लावता मी खाली पडलो. सामानाच्या पेटाऱ्यावरच आडवा. अर्धा चेहरा राणीचा, अर्धा माझा. आमच्यात बाळो म्हणून विनोदी पार्ट करणारा आहे, त्याने मला उचललं. तो पुढे कितीतरी दिवस सांगायचा, "उचललंय आणि भियालंय. पेटारो जड, आणि ह्यो हलको." गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, थांबू नका, सरळ गोव्याला न्या. सीमा हाकेवर होती. तात्या राजाच्या मुकुटाशिवाय, पण राजाच्या रंगात, माझ्याबरोबर गाडीत बसले. तिथल्या मोठ्या इस्पितळात आई दुसऱ्या दिवशी पोचली, आणि त्यानंतर मॅडमनी ते नाव सांगितलं.

माझ्या हृदयाचे ठोके फार मंद झाले होते. त्याला ब्रॅडीकार्डिया म्हणतात. इंधन संपत आलं की गाडी जशी हळू होते, तसं हृदय. रक्तातलं पोटॅशियम खाली गेलं होतं, आणि ते फार खाली गेलं तर हृदय मधेच बंद पडू शकतं. छातीला तारा लावून मला झोपवलं.

मला वाटलं आता बळजबरीने ताटं भरभरून देतील. उलटच झालं. मॅडम म्हणाल्या, "घाई नाही करायची. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातले क्षार झपाट्याने घसरतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. यातही माणसं दगावतात. म्हणून थोडं थोडं, रोज रक्त तपासून." हे मुद्दाम लिहितोय, कारण गावाकडे असा माणूस सापडला की पहिली प्रतिक्रिया कोंबडी कापायची असते. नका कापू. आधी इस्पितळ.

माझ्या वाट्याला आली पेज. आमच्या कोकणाचा रोजचा सकाळचा आहार, उकड्या तांदळाची, मीठ घातलेली. वॉर्डात एक गोव्याची सिस्टर होती. ती वाटी ठेवायची आणि स्टूल ओढून बाजूला बसायची. "खा" म्हणायची नाही. आपल्या घरच्या माडांचं सांगायची, नवऱ्याच्या घोरण्याचं सांगायची. वाटी संपायला कितीही वेळ लागो, ती घाईत आहे असं तिने एकदाही दाखवलं नाही. वॉर्डभर तिला हाका चालू असायच्या. त्या बाईचे आभार मी कुठल्या शब्दांत मानू?

मॅडम रोज बोलायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "घास उचललास की डोक्यात कोण काय म्हणतं?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच म्हणतो. "काय म्हणतोस?" मी सांगितलं. घास घेतलास तर संपलास. सगळे हसतील. तुला स्वतःवर ताबा नाही. मॅडम म्हणाल्या, "हे तू आईला बोलशील? तात्यांना? नाही ना? मग हा तू नाहीस. हा आजार बोलतोय. त्याला वेगळा काढ."

तात्या बाजूला केळी सोलत बसले होते. सोलता सोलता थांबले. "म्हणजे ह्यो खलपार्ट!"

"काय?" मॅडमनी विचारलं.

"राक्षस, मॅडम. ह्येच्या डोक्यात शिरान संवाद टाकता. आणि ह्यो मेलो गप बसान आयकता! आमच्यात खलपार्टीक असो मोकळो सोडूक नाय. तेका उलट संवाद देवक होयो."

मॅडम हसल्या. "बरोबर. फक्त सुरुवातीला या विनायकाकडे उत्तर द्यायची ताकद नसेल. तोवर त्याच्या बाजूने तुम्ही बोला. घरी रोज जेवताना कुणीतरी बरोबर बसायचंच. ओरडायचं नाही, भीक मागायची नाही, उठू द्यायचं नाही."

घरी आलो तसं तात्या रोज दुपारी पलीकडच्या वाडीतून आमच्याकडे जेवायला यायचे. आईने ताट मांडलं की तात्या मांडी ठोकून बसायचे आणि विचारायचे, "काय विनू, खलपार्ट काय म्हणता आज?"

"म्हणता, भात जास्त आसा."

"तेका सांग, भात आवशीन वाढल्यान. हिंमत आसा तर तिका येवन सांग."

आई आतून ओरडायची, "येवंदे तर! खुंट्याक बांधून घालतंय!" मी हसायचो. हसताना घास जायचा. आईनेच एका दुपारी माझा स्टेजचा ब्लाउज घेतला, आतल्या टिपा मोजल्या, आणि तिथेच पडवीत बसून रडली. मला काही बोलली नाही. जेवणाबद्दल तर कधीच नाही.

पण खरं सांगायचं तर मी फसवत होतो. हा आजार फसवायला शिकवतो. कसं ते सांगणार नाही. तपासणीला गेलो तेव्हा ठोके पुन्हा मंद. मॅडमच्या आवाजात पहिल्यांदा धार आली. "पुढच्या तपासणीला असंच असेल तर दाखल करीन. नाकातून पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल. ती शिक्षा नाही, पण तिथपर्यंत जावं असं मला वाटत नाही. विनायक, तुझं हृदय आता तुझी वाट बघणार नाही."

मी त्यांना एकच विचारलं. स्टेजवर कधी जाऊ?

कुणालाही हा प्रश्न मूर्ख वाटेल. पण मी राणी नसेन तर मी कोण, हेच मला कळत नव्हतं. मॅडमनी खूप वेळ विचार केला. आमच्याच गावच्या देवळात सप्ताहाची समाप्ती होती, प्रयोग संध्याकाळचा, लहानसा. एकच प्रवेश, तोही बाकावर बसून, आणि बाजूला गाडी तयार, या अटींवर त्यांनी परवानगी दिली. तात्यांशी त्या फोनवर बराच वेळ बोलल्या.

रंग लावताना तात्या माझ्या मागे आले. आरशातून म्हणाले, "आज स्टेजार तुका जेवणाबद्दल विचारलंय तर चलात? नको म्हण, नाय विचारूचय."

"विचारा," मी म्हटलं. काय, विचारतील आणि मी काहीतरी बोलून सुटेन. तोंडाची टाकसाळ शेवटी.

प्रवेश सुरू व्हायच्या आधी बाळो पुढे गेला. "मायबापानू, ह्या प्रवेशाक मोबायल खिशात. ज्याचो वर दिसात, तेचो फोटो मी काढीन, आणि माज्या ह्या तोंडाबरोबर काढीन!" लोक हसले. मोबाईल खरंच खाली गेले.

राजा शिकारीहून आला. तात्यांचा तो भारदस्त आवाज देवळाच्या मंडपात घुमला. "महाराणी! आपली मुखकांती अशी मलूल का? आज आपलं भोजन झालं नाही?"

मी हात जोडले. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेला संवाद आपोआप आला. "नाथ, आपण उपाशी असताना ही दासी घास कसा घेईल? पतीच्या आधी पत्नी जेवत नसते." पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या.

"उत्तम!" राजा म्हणाला. "मग राजा आत्ताच जेवतो. प्रधानजी, ताट आणा!"

बाळो ताट घेऊन आला. खरंच ताट. आमच्या घरचं, काठाला चेपलेलं, मी लहानपणापासून ओळखतो ते. त्यात पेजेची वाटी आणि आंब्याचं लोणचं. मी विंगेकडे बघितलं. आई खांबाला धरून उभी होती.

राजाने भर दरबारात पेजेचे दोन भुरके मारले, लोणचं चोखलं, मिशी पुसली. लोक खिदळले. "राजा जेवला, महाराणी. आता?"

मी अडकलो. माझ्याच संवादात. "नाथ, आज... माझं व्रत आहे."

"कशासाठी?"

"आपल्या दीर्घायुष्यासाठी."

"राणी मेल्यावर दीर्घायुषी होऊन राजानं काय करायचं? एकट्यानं भांडी घासायची?"

मंडप हसून फुटला. बायकांच्या बाजूने एक म्हातारी ओरडली, "खा गो बाय! बरो घोव मिळालो हा तुका, खावन घे!"

ती राणीला सांगत होती, विनूला नाही. विनूकडे बघणारं तिथे कुणी नव्हतं. मी चमचा उचलला आणि डोक्यातला तो सुरू झाला. हात थांबला. तात्यांनी ते बघितलं. ते सिंहासनावरून, म्हणजे बाकावरून, माझ्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "राणी, कोण अडवतो आहे? तो असुर? त्याला असा कानात बोलू देऊ नका. जे म्हणतो ते भर दरबारात म्हणू दे."

प्रश्न टाकला होता. उत्तर द्यायलाच लागतं.

"तो म्हणतो," मी म्हटलं, आणि माझा आवाज राणीचा राहिला नाही, "तो म्हणतो, मी खाल्लं तर मी राणी राहणार नाही. लोक हसतील."

कुणी हसलं नाही. तात्यांनी मुकुट काढून बाकावर ठेवला. मग ते म्हणाले, "तर मग राणी राहू नका. हे राज्य मी सोडून देतो. आपण दोघं शेत करू. पण महाराणी, शेत करायलाही जेवावं लागतं."

मी पेज खाल्ली. सगळी नाही. काजळ गालांवरून वाटीत गळत होतं आणि मी खात होतो. टाळ्या पडल्या नाहीत. मृदंगवाल्याने फक्त एक थाप दिली, बारीक.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या तात्यांवर भडकल्या. "विचारायचं ठरलं होतं! ताट कुणी सांगितलं होतं? चारचौघांत खायला लावणं धोक्याचं असतं, त्याने कायमचं तोंड मिटलं असतं!" तात्या फोन कानापासून लांब धरून "व्हय मॅडम, व्हय मॅडम" करत होते. मग पलीकडून आवाज आला, "बरं. पुढे काय झालं ते सांगा."

वाचणाऱ्यांनो, मॅडमचंच ऐका. हे घरी करू नका. लग्नाच्या पंगतीत कुणाच्या ताटावर डोळे ठेवू नका, चारजणांत "खा, खा" करू नका. माझ्या बाबतीत जमलं कारण तात्यांनी आधी विचारलं होतं, कारण फोन खाली होते, आणि कारण माझ्या जागी बसायला एक राणी होती. त्या एका वाटीने मी बराही झालो नाही. एवढंच झालं, की तो आवाज एकदा सगळ्यांसमोर बाहेर आला आणि आभाळ कोसळलं नाही. त्यानंतर मी मॅडमना सगळं खरं सांगितलं. पुढच्या तपासणीला ठोके थोडे वर होते. नळी टळली. मग महिनोन् महिने तेच, पेज, भात, रक्त तपासणी, बोलणं, दोन पावलं पुढे एक मागे. आधी मासा नुसता ताटात, मग तोंडात. मांजराचं मात्र नुकसान झालं.

गोष्ट पसरली तसा एका न्यूज चॅनेलचा माणूस घरी आला. जनजागृती करायची म्हणाला. मी खूश. बसला, चहा घेतला आणि विचारलं, "वजन किती झालेलं? हाडं दिसतात असा एखादा फोटो असेल ना? आधीचा आणि आताचा, बाजूबाजूला टाकू."

मी म्हटलं, नाही मिळणार.

"अहो, त्याशिवाय लोक बघत नाहीत."

बघतील ना. माझ्यासारखा कुणी मुलगा तो फोटो बघेल आणि त्याला भीती वाटणार नाही, हेवा वाटेल. तो आकडा त्याचं उद्दिष्ट होईल. मीही असेच फोटो शोधून शोधून बघायचो. म्हणून आकडे नाहीत, फोटो नाहीत, युक्त्या नाहीत. ज्यांना या विषयावर बातमी, रील, भाषण काहीही करायचं आहे, त्यांना माझं हात जोडून आणि गरज पडली तर हात उगारून सांगणं आहे: हाडं दाखवू नका. लक्षणं सांगा, डॉक्टर सांगा, आणि माणूस बरा होतो हे सांगा. तो माणूस चहा संपवून उठला. त्या प्रवेशाचा व्हिडिओ तरी द्या म्हणाला. तो कुणाकडेच नाही. बाळोचे उपकार.

आता आमच्या प्रत्येक प्रयोगाआधी बाळो माइकवर सांगतो, "नाटकाक नावा ठेवा, संवादाक ठेवा, माज्या तोंडाक तर ठेवाच. पण कोणाच्या आंगार लिवू नकात. आंग तेचा आसा, तुमच्या बापाशीचा नाय." लोक हसतात, आणि त्यात कुठेतरी ऐकतातही. मी एक पत्रक लिहिलंय. डॉक्टर मॅडमनी ते तपासून दिलं. त्यावर चित्र मुलाचं आहे, मुद्दाम. ज्या दवाखान्यांच्या भिंती मी पाठ केल्या होत्या, तिथे ते आता लागलंय. आमच्या आख्यानांतही बदल केलाय. माझी राणी व्रत करते, पण जेवून करते. एक-दोन म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. तात्या म्हणाले, "पुराणात राणी उपाशी मेली असा खंय लिवला हा? दाखवा."

या मोसमात पुन्हा बांद्याला प्रयोग होता. त्याच देवळात, त्याच जागी पेटारा. आईने टिपा उसवलेला ब्लाउज मी चढवला. सुयांची भोकं अजून दिसतात, पण पहिल्या रांगेतूनही ती कुणाला दिसत नाहीत. उभ्या उभ्या पूर्ण आख्यान केलं. संवाद असे येत होते की तात्यांना दम लागला.

सकाळी टेम्पोत सामान भरून निघालो. सगळे पेंगत होते. इन्सुलीचा नाका मागे पडला आणि मला पोटात काहीतरी वेगळं जाणवलं. दुखत नव्हतं. ओळखायला वेळ लागला, इतकी वर्षं मी त्याला शत्रू समजून दाबून टाकत होतो.

"तात्यानू," मी म्हटलं, "भूक लागली."

तात्यांनी एक डोळा उघडला. "कोणाक?"

"माका."

बाळोने ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर दोन्ही हातांनी ढोल वाजवायला सुरुवात केली, पेटीवाला जागा झाला, कुणीतरी ओरडलं, आणि तात्या, अर्धवट पुसलेल्या राजाच्या रंगात, टेम्पोत उभे राहिले. "प्रधानजी! रथ थांबवा! राणीक भूक लागली!"

पहिल्या टपरीवर रथ थांबला. उसळ-पाव होता, गरम. सगळी कंपनी खाली उतरली. कुणीही माझ्या बशीत बघत नव्हतं. जो तो आपापली उसळ ओरपत होता, आणि तात्या टपरीवाल्याशी तिखटावरून भांडत होते.

मी आणखी एक पाव मागितला.